घर विकून देणारा माणूस

घर घेताना आपण दहा जणांना विचारतो. विकताना मात्र कोपऱ्यावरच्या पाटीवरचा नंबर फिरवतो आणि मोकळे होतो. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. घेणाऱ्याचं कर्ज मंजूर झालेलं, विसार दिलेला आणि ऐन वेळी एखादा कागद अडलेला, असे विकणाऱ्यांचे पडलेले चेहरे कितीतरी पाहिले. तरीही २०२२ साली आमच्या ताईचं डोंबिवलीचं घर विकायची वेळ आली, तेव्हा मीही तसाच घसरणार होतो.

भावोजींना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि ताईचे गुडघे. भाचा पुण्यात. त्याच्याजवळ एखादी छोटी जागा घ्यायची, असं ठरलं. ताईकडे दुसरी पुंजी नव्हती. होतं ते एवढं घरच.

पहिला इस्टेट एजंट आला. पाच मिनिटांत सगळ्या खोल्या फिरून म्हणाला, "काकू, बहात्तर लाख कुठे जात नाहीत." ताईचा चेहरा उजळला. मग हळूच त्याने कागद पुढे केला. सहा महिने दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही आणि एक किल्ली त्याच्याकडे द्यायची. ही खेळी जुनी आहे. मोठा आकडा सांगून आधी घर बांधून घ्यायचं. मग तीन महिन्यांनी "काकू, मार्केट थंड आहे" म्हणत भाव उतरवत न्यायचा. तोवर आपण थकलेलो असतो. मी सही करू दिली नाही, तर ताई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

दुसऱ्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं उत्तर एकच: "होऊन जाईल."

तिसऱ्याचा स्टेशनामागे छोटासा गाळा होता. चहा यायच्या आधीच त्याने फाइल मागितली. घर भावोजींनी १९८८ साली मूळ मालकाकडून घेतलेलं. त्या मालकाचा बिल्डरशी झालेला १९८४चा करार फाइलमध्ये नव्हता, नुसती झेरॉक्स होती. "घेणाऱ्याची बँक हाच कागद मागेल. रजिस्ट्रार ऑफिसातून नक्कल काढायला टाका, वेळ लागतो." मग त्याने त्याच गल्लीत वर्षभरात विकल्या गेलेल्या दोन घरांचे इंडेक्स टू पुढे ठेवले. एक अठ्ठावन्न लाखांचं, दुसरं एकसष्टचं. "साठच्या वर गेलं तर नशीब समजा, काकू."

ताईला ते लागलं. आपल्या घराची किंमत कुणी परक्याने अशी सांगावी! पण त्याने पुढे जे विचारलं, त्याने आम्ही दोघंही गप्प झालो. "काकू, मुलं किती?"

एक मुलगा, एक मुलगी. मुलगी बडोद्याला. सोसायटीत नॉमिनी ताई, शेअर सर्टिफिकेटवर नावही तिचं लागलेलं. पहिला एजंट म्हणाला होता, नॉमिनेशन आहे ना, मग झालं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नव्हतं, भावोजींची आई आधीच गेलेली. म्हणजे बायको, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा हिस्सा. मुलीची सही हवी, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हवं. हे मला माहीत नव्हतं का? लोकांच्या फायलींवर लाल शेरे मारण्यात माझी उमर गेली. पण आपल्या घरात मुलीला गृहीतच धरलं होतं. जावयांना काय वाटेल, म्हणून ताई फोन करायला दोन दिवस टाळत राहिली. अखेर फोन केला, तेव्हा भाची एवढंच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं."

नोंदणी क्रमांक पाहून एजंट निवडावा, असं लोक सांगतात. क्रमांक जरूर पाहावा. महारेरा २०१७ साली आलं आणि २०२३ साली एजंटांना परीक्षाही सक्तीची झाली. पण तो कायदा मुख्यतः नोंदणी झालेल्या नव्या प्रकल्पांसाठी आहे. जुन्या सोसायटीतल्या घराला त्याचं कवच फारसं मिळत नाही. त्यापेक्षा त्याने अलीकडे ज्यांची घरं विकून दिली, त्या दोघातिघांना फोन करावा. घेणाऱ्यांना नव्हे, विकणाऱ्यांना. दोन्ही बाजूंकडून दलाली घेणं आपल्याकडे रूढच आहे; घेणार असेल तर आधी विचारून घ्यावं. टक्का किती आणि कधी द्यायचा, हे लिहून ठेवावं. मूळ कागद एजंटच्या हाती देऊ नयेत. विसाराचा चेक मालकाच्या नावानेच घ्यावा.

घर साठ लाखांना गेलं. पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार असल्यामुळे घेणारा एक टक्का आयकर कापून भरेल, हेही त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. ऐन वेळी ताई घाबरली नाही. नोंदणीच्या दिवशी भाची बडोद्याहून रात्रीच्या गाडीने आली आणि आई, भाऊ यांच्या शेजारी विकणारी म्हणून अंगठा उमटवून, सही करून बसली. दलालीचा चेक त्याने दस्त हातात आल्यावरच घेतला. ताईने पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यातला एक पेढा उचलून तो आधी भाचीला म्हणाला, "ताई, नक्कल यायला चाळीस दिवस लागले, तेवढे तुमच्या आईने धीर धरला बरं का."