टेक्सासच्या ग्रंथपालबाई

लॉरा बुश यांच्या घरची पुस्तकं ड्यूई दशांश पद्धतीनं लावलेली असतात, असं अमेरिकेत कौतुकानं सांगितलं जातं. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक विषयाला आकडा असतो. धर्म २००च्या घरात, विज्ञान ५००च्या, अमेरिकी कथा-कादंबऱ्या ८१३ला. लायब्ररीत नोकरी केलेल्या माणसाच्या हाताला हे आकडे कायमचे बसतात. जग या बाईंना एका अध्यक्षांची पत्नी आणि दुसऱ्या अध्यक्षांची सून म्हणून ओळखतं. पण त्यांनी आयुष्यभर जी कामं मनापासून केली, त्यांतली बहुतेक त्या कुणाची पत्नी होण्याआधीच सुरू झाली होती.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९४६चा, पश्चिम टेक्सासमधल्या मिडलंड गावचा. सपाट, कोरडा मुलूख आणि तेलाच्या विहिरींवर वाढलेलं गाव. वडील हॅरल्ड वेल्च घरं बांधायचे, आई जेना धंद्याचे हिशेब ठेवायची. या जोडप्याची बाकीची मुलं जगली नाहीत, त्यामुळे लॉरा एकुलती एक. आईला वाचनाचं विलक्षण वेड होतं. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या माळरानावरच्या कुटुंबाच्या गोष्टी ती लेकीला वाचून दाखवायची, आणि गोष्टीतल्या मुलीचं नाव आपलंच आहे याचं छोट्या लॉराला फार अप्रूप वाटायचं. गावातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. दुसरीतल्या बाई इतक्या आवडल्या, की आपणही शिक्षिका व्हायचं हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

सतराव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, ६ नोव्हेंबर १९६३च्या रात्री, ती मैत्रिणीला घेऊन गाडी चालवत होती. थांबण्याची पाटी तिला दिसली नाही आणि गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली. त्या गाडीत तिच्याच शाळेतला, तिचा जवळचा मित्र होता. तो गेला. तो वाचावा म्हणून तिनं देवाची करुणा भाकली होती. त्यानंतर पुष्कळ वर्षं देवावरचा आपला विश्वास उडाला होता, असं लॉरा बुश यांनी २०१० साली आलेल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. घटनेला तेव्हा जवळजवळ अर्धं शतक उलटलं होतं. पुढे त्या पुन्हा चर्चकडे वळल्या. त्यांच्या श्रद्धेबद्दल बोलताना हा मधला काळ वगळून चालणार नाही. अनुत्तरित राहिलेली प्रार्थना सोबत घेऊनच त्या परतल्या. फ्योदर दस्तयेव्हस्की यांची ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ ही त्यांची सर्वांत आवडती कादंबरी, आणि देवाच्या न्यायाला इतका थेट जाब विचारणारी कादंबरी जागतिक साहित्यात क्वचितच सापडेल.

१९६८ साली डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातून शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन त्या शाळेत शिकवू लागल्या, आधी डॅलसमध्ये, मग ह्यूस्टनमध्ये. ह्यूस्टनच्या जॉन एफ. केनेडी प्राथमिक शाळेत बहुतेक मुलं कृष्णवर्णीय होती. वर्गात काही मुलांना अक्षरं लागत नाहीत आणि त्यांना वाचायला कसं शिकवायचं याचं पुरतं प्रशिक्षण आपल्यालाच मिळालेलं नाही, ही बोच त्यांना तिथं लागली. त्यांनी नोकरी सोडली आणि १९७३ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. काही काळ ह्यूस्टनच्या कॅशमियर गार्डन्स वस्तीतल्या सार्वजनिक वाचनालयात काम केलं आणि १९७४ साली त्या ऑस्टिनच्या डॉसन प्राथमिक शाळेत ग्रंथपाल झाल्या.

शालेय ग्रंथपाल हा अमेरिकेतही तसा तरुण पेशा. रीतसर शिकलेल्या पहिल्या शालेय ग्रंथपाल मेरी किंग्जबरी १९०० साली ब्रुकलिनमधल्या इरॅस्मस हॉल शाळेत रुजू झाल्या. त्यानंतरही कित्येक दशकं असंख्य प्राथमिक शाळांत लायब्ररीची खोलीच नसे. चित्र पालटलं ते १९६५च्या शिक्षण कायद्यानं. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन स्वतः टेक्सासचे आणि एके काळचे शाळामास्तर. या कायद्यात शाळांच्या पुस्तकांसाठी स्वतंत्र तरतूद होती आणि तिच्यासाठी पहिल्या वर्षी १० कोटी डॉलर मंजूर झाले. शाळांत पुस्तकं आली, तशी ती सांभाळणाऱ्या, निवडणाऱ्या, मुलांपर्यंत नेणाऱ्या माणसांचीही गरज वाढली.

डॉसनमध्ये घरी स्पॅनिश बोलणारी मुलं मोठ्या संख्येनं होती. त्या काळी पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला कागदी खिसा चिकटवलेला असे आणि त्यात कार्ड. मुलानं कार्डावर नाव घालायचं, बाईंनी तारखेचा शिक्का मारायचा, कार्ड पेटीत, पुस्तक दप्तरात. कामाचा दिसणारा भाग एवढाच. न दिसणारा भाग मोठा. कोणता मुलगा डायनासोरशिवाय कशालाच हात लावत नाही, कोणती मुलगी जाड पुस्तक ऐटीत नेते आणि न उघडता परत आणते, कुणाला अजून वाचताच येत नाही म्हणून तो फक्त चित्रं पाहतो, हे ग्रंथपालबाईंना वर्गशिक्षिकेच्या आधी कळतं. परीक्षा नाही, गुण नाहीत, त्यामुळे मूल तिथं काही लपवत नाही. योग्य वेळी योग्य पुस्तक त्या मुलाच्या हातात पडलं पाहिजे, एवढंच बाईंनी पाहायचं. मूल चांगलं ओळखलं आणि पुस्तकंही भरपूर वाचली, तरच हे जमतं.

१९७७च्या उन्हाळ्यात मिडलंडमध्ये मित्रांच्या घरी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची गाठ पडली आणि अवघ्या तीनेक महिन्यांत, ५ नोव्हेंबरला, गावच्या त्याच मेथडिस्ट चर्चमध्ये लग्न झालं. डॉसनची नोकरी सुटली. मूल होत नव्हतं, म्हणून दोघांनी दत्तक घेण्यासाठी अर्जही केला होता. मग दिवस गेले, पण गरोदरपणात रक्तदाब वाढून जिवावर बेतलं. २५ नोव्हेंबर १९८१ रोजी डॅलसमध्ये, दिवस भरण्याआधीच शस्त्रक्रिया करून जुळ्या मुली झाल्या. दोन्ही आज्यांची नावं त्यांना ठेवली: बार्बरा आणि जेना.

१९९५ साली पती टेक्सासचे गव्हर्नर झाले, तेव्हा हाती आलेल्या पदाचं काय करायचं हे त्यांना ठरवावं लागलं नाही. १९९६ साली त्यांनी टेक्सास बुक फेस्टिव्हल सुरू करायला पुढाकार घेतला. त्यातून उभा राहणारा पैसा राज्यातल्या सार्वजनिक वाचनालयांना जाऊ लागला. पती राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तीच कल्पना ८ सप्टेंबर २००१ रोजी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साथीनं वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय ग्रंथमहोत्सव म्हणून उभी राहिली. तीन दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. त्या सकाळी त्या सिनेटच्या कार्यालयांच्या इमारतीत होत्या. लहान मुलांच्या शिक्षणाविषयी सिनेटच्या समितीपुढे त्यांची साक्ष व्हायची होती.

राष्ट्राध्यक्षांची पत्नी असण्याची दुसरी बाजूही त्यांच्या वाट्याला आली. फेब्रुवारी २००३मध्ये त्यांनी व्हाइट हाउसमध्ये व्हिटमन, डिकिन्सन आणि लँग्स्टन ह्यूज या अमेरिकी कवींवर चर्चासत्र ठेवलं होतं. निमंत्रित कवींनी इराक युद्धाच्या विरोधाचा आवाज तिथं उठवायचं ठरवलं आणि कार्यक्रम रद्द झाला. अनेक लेखकांना ते खटकलं, आणि वाचनावर जीव असलेल्या बाईंच्या कारकिर्दीत ही नोंद राहून गेली.

तरीही शाळांच्या कपाटांकडे त्यांचं लक्ष कधी ढळलं नाही. २००२ साली व्हाइट हाउसमध्ये शालेय ग्रंथालयांवर परिषद भरली. नवे ग्रंथपाल घडवण्यासाठी केंद्र सरकारची एक योजना त्यांच्या नावानं सुरू झाली. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानानं शाळांना पुस्तकांसाठी अनुदान दिलं, आणि २००५च्या कॅटरिना वादळात लायब्रऱ्या वाहून गेलेल्या आखाती किनाऱ्यावरच्या शाळांसाठी वेगळा निधी उभारला. मार्च २००६मध्ये भारतात आल्या, तेव्हा दिल्लीत मदर तेरेसांच्या संस्थेनं चालवलेल्या, अपंग मुलांच्या ‘जीवन ज्योती’ आश्रमात त्या गेल्या आणि नोएडात ‘गली गली सिम सिम’ या मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या सेटवर शाळेच्या गणवेशातल्या चमकी या बाहुलीलाही भेटल्या.

व्हाइट हाउस सोडल्यावर त्या राजकीय वादांपासून शक्यतो लांब राहिल्या. अपवाद जून २०१८चा. सीमेवर आई-बापांपासून मुलांना तोडण्याचं धोरण त्यांच्याच पतीच्या पक्षाचं सरकार राबवत होतं. त्यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहून ते क्रूर आणि अनैतिक असल्याचं स्वच्छ सांगितलं. त्या लेखात त्यांनी आपल्या दिवंगत सासूबाईंची आठवण सांगितली: एड्सच्या नुसत्या नावानं लोक घाबरत, त्या काळात बार्बरा बुश यांनी आजारी तान्ह्या मुलाला उचलून छातीशी धरलं होतं.

लॉराबाईंच्या आई जेना वेल्च २०१९ साली, नव्याण्णवाव्या वर्षी वारल्या. त्याच वर्षी त्यांच्या नावाच्या नातीनं, जेना बुश हेगर हिनं, अमेरिकेतल्या ‘टुडे’ या सकाळच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वाचकमंडळ सुरू केलं. आधी शाळेत शिकवलेली ही लेक दर महिन्याला एक पुस्तक निवडते. तिनं निवडलेलं पुस्तक हजारो वाचक विकत घेतात, वाचनालयांत त्यासाठी नंबर लावतात, आणि नव्या लेखकाचं पहिलंवहिलं पुस्तकही त्यामुळे सर्वाधिक खपाच्या यादीत जातं.