आमरसाच्या डब्याची शिवण

मे सरत आला की कोकणात हापूसचे दोन भाव होतात: पेटीचा आणि कॅनिंगचा. डागी, लहान, फार पिकलेला आंबा किलोवर विकला जातो आणि रत्नागिरी-देवगडकडच्या कारखान्यांत त्याचा पल्प होतो. आंबा कसा पिळतात हे आपल्याला घरून ठाऊक असतं. डबा कसा बंद होतो, हे सहसा कुणी विचारत नाही. रस वर्षभर टिकतो तो मात्र त्यावरच.

सुरुवात रिकाम्या डब्यापासून करू. लहान कारखान्यांत डबे अनेकदा चपटे करून येतात. गोल डबे आणायचे म्हणजे ट्रकभर हवेचं भाडं भरायचं. एक यंत्र ते पुन्हा गोल करतं, दुसरं त्यांचे काठ बाहेर वळवतं आणि मग तळ बसतो. या बाहेर वळवलेल्या काठाला फ्लँज म्हणतात. त्याला पोचा पडला, तर चूक इथे होते आणि दिसते चार यंत्रं पुढे.

मग भरणी. पल्प ८५ अंश सेल्सियसच्या आसपास तापवून गरमच भरतात. पूर्वी नळाखाली डबा धरून डोळ्यांनी अंदाज घेत. आता पिस्टन ठरलेलं माप ओततो आणि सरकत्या पट्ट्यावर धावता धावताच डब्याचं वजन होतं. कमी-जास्त भरलेला डबा एक दांडा बाजूला ढकलतो. वर थोडी जागा मोकळी सोडतात. तिथल्या वाफेचं थंड झाल्यावर पाणी होतं आणि आत निर्वात तयार होतो. डबा काठोकाठ भरला, तर ही सोय जाते. शिवाय फ्लँजवर रसाचा ओघळ येतो.

आता खरं काम: शिवण. हे यंत्र म्हणजे सीमर. डबा खालून उचलला जातो, झाकणाच्या खळग्यात वरून एक चकती बसते आणि बाजूने दोन रूळ आळीपाळीने येतात. पहिला रूळ झाकणाची कड डब्याच्या काठाखाली दुमडतो. दोन बोटांची आकडी एकमेकांत अडकवावी, तशी ही दोन पत्र्यांची मिठी असते. दुसरा रूळ ती दाबून सपाट करतो. पत्र्याचे पाच थर होतात, तीन झाकणाचे आणि दोन डब्याचे. उरलेल्या फटी झाकणात आधीच लावलेलं रबरासारखं लुकण भरून काढतं. शिवणीची उंची जेमतेम तीन मिलिमीटर. डाख देऊन बंद होणारे डबे मागे पडले, ते या दुहेरी शिवणीमुळे.

बिघडतं कुठे? पहिला रूळ सैल असेल तर आकडी अर्धवट बसते. दुसरा फार घट्ट असेल तर कड धारदार होते, कधी पत्रा चिरतो. सर्वांत फसवी ती खोटी शिवण: आकड्या अडकलेल्याच नसतात, नुसत्या एकमेकींवर दुमडलेल्या असतात. बाहेरून कधी काहीच दिसत नाही. कारण बहुधा तोच, मघाचा पोचा.

नव्या सीमरवर रुळांवरचा दाब प्रत्येक डब्यागणिक मोजणारे सेन्सर लावता येतात; दाब नेहमीपेक्षा वेगळा पडला की तो डबा बाहेर. शीतपेयांच्या मोठ्या कारखान्यांत मिनिटाला २००० डबे धावतात, तिथे माणसाचा डोळा काय पुरणार? तरीही ठरावीक वेळाने एक डबा काढून शिवण कापतात आणि आकड्या भिंगाखाली मोजतात. माझ्या मते यंत्र घेताना वेगाआधी हे कोण करणार, ते विचारावं.

बरणीची तऱ्हा वेगळी. तिथे दुमड नाही, फिरकीचं झाकण असतं. बरणीच्या तोंडावर वाफ सोडून हवा हुसकतात आणि लगेच झाकण फिरवतात. निर्वात झाला की झाकणाच्या मधला फुगवटा आत बसतो. घरी आपण ऐकतो तो ‘टक’ त्याचाच. थंड बरणीत गरम माल ओतला की काच तडकते, म्हणून बरण्या आधी तापवतात. एक फुटली तर शेजारच्याही काढून टाकाव्या लागतात. काचेचा कण क्ष-किरण यंत्राला दिसू शकतो, धातुशोधकाला नाही.

बंद झालेले डबे उकळत्या पाण्यातून काढतात. आंबा आंबट असल्याने एवढं पुरतं. मटार किंवा मासळीला दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास न्यावं लागतं.

मग थंड करणं, आणि इथे बरेच जण घाई करतात. डबा निवताना लुकण अजून मऊ असतं आणि आतला निर्वात बाहेरचं पाणी ओढू पाहतो. शिवणीतून सूक्ष्म थेंब आत गेलाच, तर त्याबरोबर जंतूही जातात. म्हणून निववायचं पाणी क्लोरीन घातलेलं हवं. डबा अगदी गार करू नये. ४० अंशांच्या आसपास थांबलं, तर उरलेल्या उबेने तो स्वतःच वाळतो, गंजत नाही.

शेवटी तपासणी. जुने कामगार काठीने झाकणावर टिचकी मारत थप्पीवरून फिरत. चांगला डबा खणखणीत वाजतो, हवा शिरलेला बद्द. आता पट्ट्यावरचा सेन्सर झाकण किती आत बसलंय ते मोजतो. शिवण हळूहळू गळणारा डबा मात्र पहिल्या दिवशी दोघांनाही चकवतो, म्हणून माल काही दिवस गोदामात ठेवून पुन्हा तपासतात आणि मगच लेबल चिकटवतात.