त्रिंकोमाली : मुंबईच्या सागवानाचा लांब पल्ला

'त्रिंकोमाली' ही लाकडी युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. त्यानंतर चोवीस दिवसांनी खडकीची लढाई झाली आणि पेशवाई शेवटच्या घटका मोजू लागली. तिकडे मराठ्यांचं राज्य बुडत होतं आणि इकडे मुंबईचे कारागीर इंग्रजांच्या आरमारासाठी जहाज बांधत होते. या दोन गोष्टी एकत्र आठवल्या की मन अस्वस्थ होतं. तरीही या जहाजाबद्दल मला जिव्हाळा वाटतो. ते आजही तरंगतं आहे, आणि त्याचं मोठं श्रेय ते बांधणाऱ्या हातांना आहे.

इंग्रज आरमाराने हे जहाज १८१२ साली मागवलं, नेपोलियनशी युद्ध ऐन भरात असताना. त्याचे नकाशे 'जावा' नावाच्या युद्धनौकेवरून मुंबईकडे निघाले. डिसेंबरच्या २९ तारखेला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला चीत केलं आणि नकाशे तिच्याबरोबरच गेले. याच जहाजावरून मुंबईला येणारे लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप कैदी झाले. हेच हिस्लॉप सुटून पुढे हिंदुस्थानात आले आणि डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढले.

नकाशे दुसऱ्यांदा मागवावे लागले, काम लांबलं आणि बांधणीला १८१६ साल उजाडलं. आराखडा मुळात फ्रेंचांचा होता, १७८२ साली पकडलेल्या 'हेबे' या जहाजावरून घेतलेला. बांधणारे होते जमशेटजी बोमनजी वाडिया. सुरतेहून मुंबईत आलेल्या लवजी नसरवानजींचं हे घराणं तोवर पिढ्यान्‌पिढ्या गोदी सांभाळत होतं. जहाजाच्या पठाणात, म्हणजे तळाच्या कण्यात, त्यांनी पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला. जहाज सुखरूप राहावं ही त्यामागची भावना. लाकूड मलबारचं सागवान. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, तर सागाचं तेल लोखंडाला सांभाळतं आणि लाकडाला कुजू देत नाही. इंग्लंडमध्ये ओकची टंचाई होती म्हणून मुंबईकडे काम आलं हे खरं, पण मुंबईची जहाजं तिथल्या जहाजांपेक्षा जास्त टिकली हेही तितकंच खरं.

जहाज तयार झालं तेव्हा युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. जानेवारी १८१९ मध्ये इंग्लंडला जाताना ते सेंट हेलेना बेटावर थांबलं. ज्याच्याशी लढायला ते मागवलं होतं तो नेपोलियन त्या वेळी तिथेच कैदेत होता! एप्रिलअखेर पोर्ट्समथला पोचल्यावर जहाजाला थेट राखीव ताफ्यात टाकलं आणि जवळजवळ पाव शतक ते तसंच पडून राहिलं.

१८४५ साली त्याची डागडुजी झाली. पिछाडीचा आकार बदलला, तोफा कमी केल्या. नाळेवर आजही दिसते ती फेटेवाल्या पुरुषाची आकृती. प्रत्यक्ष चाकरी दोनदाच झाली. १८४७ ते १८५० या काळात उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या पाण्यात गुलामांच्या व्यापारावर पाळत ठेवणं, हे मला त्याच्या सगळ्या कामांत मोलाचं वाटतं. नंतर १८५२ ते १८५७ पॅसिफिकमध्ये. त्याच काळात क्रिमियाचं युद्ध पेटलं आणि रशियाच्या किनाऱ्यांवर नजर ठेवण्याचं काम आलं. पण तोफांना तोफा भिडवून लढण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. वाफेच्या जहाजांनी शिडाच्या युद्धनौकांचा जमाना संपवत आणला होता.

पुढचं आयुष्य शिकवण्यात गेलं. १८६० च्या दशकात सुंदरलंड आणि मग वेस्ट हार्टलपूल इथे ते राखीव नौसैनिकांच्या प्रशिक्षणाचं जहाज झालं. १८९७ मध्ये ते भंगारवाल्याला विकलंसुद्धा गेलं. पण व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी ते सोडवून घेतलं. मुलांना दर्यावर्दीपण शिकवण्यासाठी त्यांनी आणलेलं 'फुद्रोयां' हे नेल्सनचं जुनं जहाज त्याच वर्षी ब्लॅकपूलजवळ वादळात फुटलं होतं. त्याच्या जागी हे आलं आणि १९०३ पासून 'फुद्रोयां' हेच नाव मिरवू लागलं. फाल्मथ, मिलफर्ड हेवन आणि शेवटी पोर्ट्समथ अशा मुक्कामांत पुढची आठ दशकं कितीतरी तरुण मुलामुलींनी त्याच्यावर दोर ओढले, गाठी मारल्या आणि झुल्यांत झोपा काढल्या. लढाईसाठी केलेल्या वस्तूचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

१९८६ मध्ये हे काम थांबलं. पुढच्या वर्षी जहाज एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला नेलं, जिथे शतकापूर्वी ते प्रशिक्षणासाठी उभं असायचं. दुरुस्तीला दहाहून अधिक वर्षं आणि सुमारे एक कोटी पाच लाख पौंड लागले. १९९२ मध्ये जुनं नाव परत मिळालं आणि २००१ मध्ये काम पुरं झालं. नेल्सनची 'व्हिक्टरी' याहून जुनी, पण ती कोरड्या गोदीत आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत 'त्रिंकोमाली' सर्वांत जुनी. आणि एवढ्या दुरुस्तीनंतरही तिच्या सांगाड्यातलं निम्म्याहून अधिक लाकूड मुंबईत बसवलेलंच आहे.