रायफल : ब्रँडेड की असेम्बल्ड?

कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडला खेटे घालून ज्यांनी मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून आणि कॅबिनेट तिसऱ्यातून उचलून पीसी जोडला, त्यांना हा वाद पाठ आहे. ब्रँडेड घ्यायचा की असेम्बल्ड? ब्रँडेडवाल्यांकडे वॉरंटी, असेम्बल्डवाल्यांकडे अभिमान. आता त्यातलेच काही जण डॅलस, ऑस्टिन नाहीतर ह्यूस्टनमध्ये स्थायिक झालेत. घर घेतलंय, दोन गाड्यांचं गराज आहे, गराजमध्ये टूलबॉक्स आहे. आणि ऑफिसातला शेजारच्या क्यूबिकलमधला माइक विचारतो, ‘तू अजून एकही रायफल घेतली नाहीस?’ मग तोच जुना वाद नव्याने सुरू होतो. फक्त वस्तू वेगळी.

पुण्या-मुंबईत बसून वाचताना दचकायला होतं, साहजिक आहे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफल तुमच्या-आमच्या लायसन्सवर बसणारी वस्तूच नाही. घरी जोडण्याबद्दल तर बोलायलाच नको. विनापरवाना शस्त्र बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. टेक्साससारख्या राज्यात मात्र विकत घेणं आणि जोडणं, दोन्ही कायद्यात बसतं. पण ‘कोणाला’ बसतं, हा खरा प्रश्न. तिथे यायच्या आधी थोडं या वस्तूबद्दल.

एआर म्हणजे काय?

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी, पण पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये येऊन बसतं. चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस पडतो ती ऑटोमॅटिक, ती वेगळी आणि तिचे नियम फारच कडक. अमेरिकेत ‘पहिली रायफल’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एआर-१५ जातीची रायफल येते. यातलं ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे. आर्मालाइट या कंपनीत यूजीन स्टोनर या इंजिनीअरने ती १९५० च्या दशकात घडवली, म्हणून आर्मालाइटचं नाव तिला चिकटलं. १९५९ मध्ये कंपनीने हक्क कोल्टला विकले. लष्करात ती एम-१६ झाली, बाजारात सेमी-ऑटो अवतारात एआर-१५ म्हणून आली.

जोडण्याचा फंडा सुरू झाला तो यानंतर. स्टोनरचं पेटंट १९७७ मध्ये संपलं आणि हळूहळू डझनावारी कंपन्या तेच डिझाइन बनवू लागल्या. परिणाम असा, की एका कंपनीचा दस्ता दुसऱ्या कंपनीच्या रायफलवर बसतो, तिसऱ्याचा ट्रिगर चौथ्याच्या सांगाड्यात जातो. आयबीएम पीसीचं झालं तेच. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं या जातीच्या अनेक मॉडेल्सवर केंद्राची बंदी होती. ती संपली आणि बाजार सुसाट सुटला.

आधी पासपोर्ट बघा

माइकला ठाऊक नसलेली गोष्ट ही : एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर, म्हणजे आपली निम्मीअधिक ऑनसाइट जनता ज्या व्हिसांवर असते, ते सगळे ‘नॉन-इमिग्रंट’ व्हिसा. १९९८ पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. बाळगणं म्हणजे विकत घेणंच नव्हे बरं का. रेंजवर भाड्याची रायफल हातात घेऊन दहा गोळ्या झाडणं हेही बाळगणंच. टीम आउटिंगला सगळे गेले, फेसबुकवर फोटो टाकला, दीडशे लाइक्स आले. तो फोटो म्हणजे तुम्हीच तुमच्याविरुद्ध दिलेला पुरावा.

अतिशयोक्ती वाटते? फ्लोरिडातलं एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. संयुक्त अरब अमिरातीतून आलेला विद्यार्थी, कॉलेजने नाव काढून टाकल्यामुळे व्हिसाचं स्टेटस संपलेलं. तो रेंजवर जाऊन बंदूक चालवून आला. एवढंच. त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द ठरवली, पण मुद्दा असा होता की आपल्याला बंदूक बाळगायला बंदी असलेल्यांच्या वर्गात आपण मोडतो हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. रेंजवर बंदूक हाती घेणं म्हणजे बाळगणं नव्हे, असं काही न्यायालय म्हणालं नाही. शिवाय आता हा लेख वाचल्यावर ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोयही तुम्हाला उरली नाही! २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे, आणि बंदुकीचा गुन्हा हे देशाबाहेर काढण्यासाठी पुरेसं कारण असतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांची वर्षानुवर्षं जातात. ती एका शनिवारच्या हौसेपायी पणाला लावायची?

एक पळवाट कायद्यातच आहे : अमेरिकेतल्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स जवळ असेल तर ही मनाई लागू होत नाही. बरेच जण तेवढ्यासाठी ते काढतात. कायद्याने ते ठीकच आहे, पण लायसन्सची मुदत संपली की सवलतही संपली. गिअरबॉक्स आणि बॅरल यांतला फरक कळण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला तासाभराची फी द्या, असं मी म्हणेन. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही अडचण नाही. मात्र ग्रीन कार्डाचा अर्ज टाकलाय म्हणजे ग्रीन कार्ड मिळालंय असं नव्हे, हा गोंधळ आपल्याकडे हमखास होतो.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया, म्हणजे जिथे गणपतीला ढोल-ताशा पथकं निघतात ती दोन्ही राज्यं, या जातीच्या रायफलींबाबत कडक आहेत. कॅलिफोर्नियाने १९८९ मध्ये आणि न्यू जर्सीने १९९० मध्ये कायदे केले. इलिनॉय आणि वॉशिंग्टन २०२३ मध्ये त्या यादीत गेले. टेक्सासात कायदेशीर असलेली रायफल डिकीत टाकून एडिसनच्या मावसभावाकडे निघालात तर राज्याची सीमा ओलांडताच तुम्ही आरोपी होऊ शकता.

खोका की सुटे भाग

समजा, ग्रीन कार्ड आहे, राज्य टेक्सास आहे. आता वादाला बसू.

रेडिमेडचा मामला सोपा. लायसन्सधारक दुकानात जा, ४४७३ नंबरचा फॉर्म भरा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत नाव तपासतो, हिरवा कंदील मिळाला की रायफल तुमची. वस्तू कारखान्यात तपासून आलेली असते, वॉरंटी असते, बिघडली तर कंपनीला परत पाठवता येते.

जोडायची म्हटली तर कायद्याची एक गंमत कळते. एआरचे ढोबळ दोन भाग : वरचा, ज्यात बॅरल आणि बोल्ट असतात, आणि खालचा, ज्यात ट्रिगर बसतो. कायद्याच्या नजरेत ‘बंदूक’ म्हणजे हा खालचा सांगाडा, लोअर रिसीव्हर. सीरियल नंबर त्यावरच कोरलेला असतो. तो घेताना तोच फॉर्म, तीच तपासणी. बाकीचे भाग टेक्सासात कुरिअरने दारात येतात, पुस्तकं येतात तसे. वयाचाही विनोद आहे. केंद्रीय कायद्यानुसार दुकानातून पूर्ण रायफल १८ व्या वर्षी घेता येते, पण नुसता सांगाडा घ्यायला २१ पूर्ण लागतात.

सीरियल नंबर नसलेले अर्धवट तयार सांगाडे घरी पुरे करायची एक टूम मध्यंतरी जोरात होती. २०२२ मध्ये केंद्राने अशा जोडणी-किट्सवरही नंबर आणि तपासणी लागू केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो नियम उचलून धरला. कोणी ‘कागदपत्रांशिवाय होतं रे’ म्हणाला, तर त्याच्याशी क्रिकेटवर बोला.

जोडणारे सांगतात की पैसे वाचतात. पीसीवालेही हेच सांगायचे. नावाजलेल्या कंपनीची साधी एआर साधारण ५०० ते ८०० डॉलरला मिळते. कारखाना हजारोंच्या भावाने भाग उचलतो, तुम्ही एकेक उचलता, वर अवजारं घ्यायची. स्वस्तातली रायफल जोडून आणखी स्वस्त होत नाही. जोडण्याचा फायदा आहे तो वरच्या श्रेणीत, जिथे तुम्हाला ठरावीक बॅरल, ठरावीक ट्रिगर हवा असतो आणि रेडिमेडमधलं निम्मं काढून फेकावं लागलं असतं. पण पहिलीच रायफल घेणाऱ्याला आपल्याला काय हवंय हे कळतं का? पहिल्या दोन हजार गोळ्या झाडल्याशिवाय नाही कळत.

आणि पीसीचं उदाहरण इथे तुटतं. रॅम नीट बसली नाही तर मशीन तीनदा ‘बीप’ करतं. इथे .२२३ काडतूस फुटतं तेव्हा चेंबरमधला दाब ५५ हजार पीएसआयपर्यंत जातो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये असतो ३०-३५. तो दाब तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर अडवून धरतात बोल्ट आणि बॅरल. त्यांच्यातलं नेमकं अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, खास गेजने तपासावं लागतं. यूट्यूब बघून ‘बसलं वाटतं’ म्हणायचं हे ठिकाण नव्हे. शिवाय .२२३ आणि ५.५६ ही काडतुसं दिसायला जुळी, पण ५.५६ चा दाब जास्त असू शकतो. बॅरलवर नुसतं .२२३ लिहिलेलं असेल तर त्यात ५.५६ घालायचं नाही. रेडिमेड रायफलीच्या माहितीपत्रकात हे छापलेलं असतं. स्वतः जोडलेल्या रायफलीचं माहितीपत्रक म्हणजे तुमची स्मरणशक्ती.

आणखी एक सापळा बॅरलच्या लांबीचा. १६ इंचांपेक्षा आखूड बॅरल बसवलं की ती १९३४ च्या वेगळ्या कायद्याखाली येते, आधी नोंदणी करावी लागते. ऑनलाइन सेलमध्ये ‘मस्त दिसतंय’ म्हणून साडेदहा इंचांचं उचललं आणि रायफलीवर चढवलं, की गराजमध्ये बसल्या बसल्या गंभीर गुन्हा.

माझं मत विचाराल तर पहिली रेडिमेडच. जोडायची खाज असेलच, तर सहा महिन्यांनी त्याच रायफलीचा ट्रिगर किंवा दस्ता बदलून बघा. तीही पुरी पडली नाही, तर दुसऱ्या रायफलीसाठी वरचा अख्खा भाग कारखान्यातून तयार मागवा आणि जोडणीची हौस खालच्या भागावर जाणत्या माणसाला शेजारी बसवून भागवा. दुसरा मुद्दा विक्रीचा. हौस फिटली, विकायची ठरली, तर ब्रँडेडला गिऱ्हाईक मिळतं, तुमच्या हस्तकौशल्याला कोणी भाव देत नाही. आणि विकण्याच्या इराद्यानेच जोडायला लागलात तर तो विनापरवाना धंदा होतो.

ईएमआय नसलेला खर्च

रायफलीची किंमत हा फक्त प्रवेश. साधं काडतूस साधारण अर्ध्या डॉलरला पडतं. एका खेपेला १०० झाडली, महिन्यातून दोनदा गेलात, तर वर्षाला १२०० डॉलर नुसता धूर. रेंजची फी वेगळी. कानांचं संरक्षण, डोळ्यांचे चष्मे, शिकवणीचा क्लास हे ऐच्छिक नाहीत. या रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, तिथे एका गोळीनेही कानाला कायमची इजा होऊ शकते.

सगळ्यात आधी पैसे कुठे घालायचे? तिजोरीत. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती निष्काळजीपणामुळे भरलेली बंदूक लागली तर मालकावर गुन्हा दाखल होतो. पण कायदा राहू द्या बाजूला. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. नोकरी गेली, व्हिसाची ६० दिवसांची मुदत चालू झाली, बायको मुलांना घेऊन भारतात आहे, घरात एकटा माणूस आणि न कुलपातली रायफल, हे चित्र आपल्या लोकांसाठी फार दूरचं नाही. घरात कोणी खचलेलं असेल, तर खरेदी पुढे ढकला. घेतलेली असेल, तर काही महिने घराबाहेर सुरक्षित ठेवायची सोय करा.

घरातला दुसरा माणूस ‘नको’ म्हणाला तर? मे २०२२ मध्ये टेक्सासातल्याच युवाल्डीत १८ वर्षांच्या मुलाने याच जातीच्या, कायदेशीरपणे विकत घेतलेल्या रायफलीने शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या. तुमचं मूल तिथल्याच शाळेत जातं. ‘ही वस्तू मला घरात नको’ असं म्हणणाऱ्या बायकोला किंवा नवऱ्याला आकडेवारी ऐकवून गप्प करता येईल, पण तिजोरीचा नंबर दोघांच्या घरातच राहणार आहे. तिचं स्टेटस अजून एच-फोर असेल तर हा नंबर तिला माहीत असणंही कायद्याच्या दृष्टीने नाजूक प्रकरण. जवळपास प्रत्येक शहरात रेंजवर रायफल भाड्याने मिळते. ग्रीन कार्ड असेल तर वर्षभर भाड्यावरच खेळून बघायला काय हरकत आहे? किमान तिजोरीचे पैसे तरी वाचतात.

आणि जाता जाता, सुट्टीला घरी येणाऱ्यांसाठी. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका. बॅगेच्या अस्तरात अडकलेलं एखादं काडतूस विमानतळाच्या स्कॅनरवर दिसलं, की भारतात शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि अशी प्रकरणं नियमित होतात. ‘नकळत राहिलं’ हे न्यायालयात पटवून देता येतं, अनेकांनी दिलंही आहे. पण तोवर तीन आठवड्यांची सुट्टी वकिलाच्या ऑफिसात गेलेली असते. रेंजसाठी वेगळी बॅग घ्या, भडक रंगाची, आणि ती तिजोरीशेजारीच ठेवा.