घशाची मऊ नळी आणि जिभेची कसरत

शहाळ्याचे पाणी कागदी नळीने पिताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. नळी कोरडी असते तोवर पाणी सुरळीत वर येते. ती भिजून मऊ पडली, की ओढताक्षणी तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि पाणी बंद! असे का बरे व्हावे? ओढताना नळीतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. ताठ भिंत हा फरक सोसते, मऊ भिंत आत दबते.

आपल्या घशाचेही असेच आहे. नाकाला हाडांचा व श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. मधला घसा मात्र मऊ असतो. त्याला उघडे ठेवतात ते जिभेचे व टाळूचे स्नायू. झोपेत ते सैल पडतात. वाट अरुंद झाली, की मऊ भाग थरथरू लागतात, हेच घोरणे. काही जणांचा घसा तर पुरता मिटतो. श्वास 10 सेकंद किंवा अधिक थांबतो, रक्तातील ऑक्सिजन घटतो आणि झोप मोडते. रात्रभर हेच चालले, तर दिवसा डुलक्या येतात, रक्तदाबही वाढू शकतो. हा विकार म्हणजे ‘स्लीप ॲप्निया’.

यावर उपाय दोन बाजूंनी करता येतो. एक, नळीतील दाब वाढवायचा. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये नाकावाटे दाबयुक्त हवा सतत देण्याची पद्धत मांडली. दुसरा, भिंत बळकट करायची. 2009 मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी मध्यम विकाराच्या 31 रुग्णांवर प्रयोग केला. एका गटाने 3 महिने रोज जीभ टाळूवर दाबणे, तिचे टोक टाळूवरून मागे सरकवणे, स्वर उच्चारीत पडजीभ उचलणे असे व्यायाम केले. दुसऱ्या गटाने केवळ दीर्घ श्वसन केले. हा दुसरा गट कशासाठी? सुधारणा झालीच, तर ती घशाच्या व्यायामानेच झाली हे ताडून पाहण्यासाठी. पहिल्या गटात श्वास अडण्याचे प्रसंग तासाला सरासरी 22 वरून 14 वर आले. दुसऱ्या गटात विशेष फरक पडला नाही.

पण हुरळून जाऊ नका. तासाला 5 पेक्षा कमी प्रसंग हे निरोगीपणाचे माप. 14 अद्याप त्याहून बरेच अधिक. म्हणून हे व्यायाम पूरक आहेत. ते सुरू केले म्हणून यंत्र बंद करणे धोक्याचे. घरात कोणी मोठ्याने घोरत असेल आणि मध्येच श्वास थांबून दचकत असेल, तर ती गाढ झोप समजू नका. त्यांना डॉक्टरांकडे जाण्यास सांगा.