सनद, गॅझेट आणि सभागृह

खारदांड्याचा कोळी आज होडी पाण्यात लोटतो तेव्हा जाळे आणि बर्फ यांबरोबर आपले ओळखपत्रही जपून बरोबर नेतो, कारण मुंबईवरील २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर भर समुद्रात आपण कोणत्या देशाचे आहोत हे दाखवणे त्याला भाग पडले आहे. त्याचे पूर्वज कोणाचे प्रजाजन, हे मात्र त्यांना न विचारताच ठरत गेले. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी व मुंबईची बेटे पोर्तुगीजांच्या हवाली झाली. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्रजांकडे गेली, पण माहीमच्या खाडीच्या उत्तरेचा वांद्रे-दांड्याचा मुलूख चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत पोर्तुगीज अंमलाखालीच राहिला. १६६८ साली दुसऱ्या चार्ल्सने मुंबई सालिना दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीस दिली, त्या सनदेने मुंबईत जन्मलेले मूल इंग्लंडात जन्मल्यासारखेच राजाचे प्रजाजन ठरले. खाडीपलीकडे जन्मलेल्याला तो हक्क नव्हता.

पोर्तुगीज अंमलातून भारतात आलेल्या गोव्याच्या बाबतीत विसाव्या शतकातही, नागरिक कोणास म्हणावे हा प्रश्न सभागृहात पुरता आलाच नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या सातव्या कलमाने नव्याने सामील होणाऱ्या प्रदेशातील कोण भारतीय समजावे हे ठरवण्याचा अखत्यार केंद्र सरकारला दिला, आणि त्याच कलमान्वये मार्च १९६२ मध्ये गॅझेटात हुकूम निघाला की, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जो स्वतः जन्मला किंवा ज्याच्या आईबापांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणी जन्मले, तो भारतीय होय. पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखू इच्छिणाऱ्याने एका महिन्यात तसे लेखी कळवावे. शतकानुशतकांचा संबंध तोडायचा की ठेवायचा, याचा निर्णय करण्यास एक महिना फार तोकडा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. पोर्तुगीज नागरिकत्व राखणाऱ्या एका धर्मगुरूवर पुढे परकीय नागरिक म्हणून खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याची शिक्षा कायम केली.

लंडनच्या पार्लमेंटात अशा प्रश्नावर निदान वाद झाले. १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने ब्रिटनच्या परतंत्र प्रदेशांतील रहिवाशांना ब्रिटनमध्ये वास्तव्याचा हक्क नसलेले वेगळे नागरिकत्व मिळाले. फॉकलंडच्या युद्धानंतर १९८३ मध्ये तेथील लोकांना पूर्ण हक्क दिला गेला, पण हाँगकाँगच्या लक्षावधी लोकांपैकी १९९० च्या कायद्याने केवळ ५०,००० कुटुंबप्रमुखांची, त्यांच्या कुटुंबीयांसह, सोय झाली. उरलेल्या बहुतेक प्रदेशांना २००२ मध्ये न्याय मिळाला. तोवर हाँगकाँग चीनकडे गेले होते. ही विषमता उघडी पडली ती सभागृहात चर्चा झाली म्हणूनच.

पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या दिल्ली कराराने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तरी १९६१ च्या सत्तांतरापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनच्या दप्तरी जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिक होता येते. अशी नोंद झाली म्हणजे माणसाने स्वेच्छेने परके नागरिकत्व स्वीकारले काय, हा वाद अद्याप जिवंत आहे. त्याचा निवाडा भारताच्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमान्वये पुन्हा केंद्र सरकारच करते. हजारो गोमंतकीय घरांवर परिणाम करणारा हा प्रश्न लोकसभेच्या पटलावर यावा, आणि नोंदीसंबंधी निःसंदिग्ध तरतूद कायद्यातच व्हावी.