हेळवी आणि कुळाची स्मृती

मराठी समाजात कुळ आणि आडनाव या दोन गोष्टी एक नव्हेत. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक या गावावरून त्यांना हे आडनाव मिळाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण. डफळापूरच्या पाटिलकीमुळे ते डफळे झाले. सातारा व सांगली या भागांतील ही घराणी संस्थानिकांची असल्यामुळे त्यांचा इतिहास कागदोपत्री उपलब्ध आहे. परंतु दुष्काळामुळे किंवा भाऊबंदकीच्या तंट्यामुळे ज्या सामान्य शेतकऱ्याने गाव सोडले आणि नव्या गावी नवे आडनाव धारण केले, त्याच्या नातवंडांना आपले मूळ कुळ कोणते हे कोणी सांगावयाचे? त्यांच्यापाशी सनद नाही आणि दप्तरही नाही. कृष्णाकाठी आणि माणदेशात हे काम परंपरेने ज्यांच्याकडे आले, त्यांत हेळवी हा भटका समाज प्रमुख होय.

हेळव्यांचे मूळ कन्नड प्रदेशात आहे. एडगर थर्स्टन याने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या दक्षिण भारतातील जातिजमातींच्या कोशात त्यांचे वर्णन आढळते. बैलावर बसून, पाय घोंगडीने झाकून ते गावात येत आणि घरोघर जाऊन त्या त्या घराण्याचा इतिहास व युद्धांत पडलेल्या वीरांची नावे सांगत, असे त्याने नमूद केले आहे. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या शासकीय यादीतही ‘हेळवे’ ही नोंद आहे.

या नावाची व्युत्पत्ती उद्बोधक आहे. कन्नडमध्ये ‘हेळु’ म्हणजे सांगणे. म्हणून हेळवी म्हणजे सांगणारा, अशी उपपत्ती मराठी माणसाला सहज सुचते. ती अर्थाला जुळत असली तरी भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ हे दोन भिन्न स्वनिम आहेत. ‘सांगणे’ या अर्थाच्या धातूतील स्वर दीर्घ आहे. ‘हेळव’ या नामातील स्वर ऱ्हस्व असून त्याचा अर्थ लंगडा अथवा पांगळा असा आहे. मराठीत हा भेद अर्थभेदक नाही आणि लिपीतही तो दाखविला जात नाही. परिणामी शब्द सीमा ओलांडून आला तेव्हा दोन्ही स्वर एक झाले आणि पांगळ्याचा सांगणारा झाला. बसवेश्वरांनी एका पांगळ्यास बैल दिला व तो हेळव्यांचा मूळ पुरुष ठरला, ही आख्यायिका आणि घोंगडीने पाय झाकण्याची रीत या दोन्ही गोष्टी जुन्या अर्थाशी सुसंगत आहेत. महाराष्ट्रात पहाटे दान मागणाऱ्या ‘पांगुळ’ या समाजाचे नावही याच अर्थाचे आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. तथापि लोकव्युत्पत्ती चुकीची म्हणून निरर्थक ठरत नाही. समाजाला या माणसाचे कोणते कार्य महत्त्वाचे वाटले, हे तिच्यावरून कळते.

हे कार्य केवळ नावांची यादी वाचण्याचे नाही. हेळव्याजवळ वही असते, पण वही हा कथनाचा आधार होय, कथन नव्हे. कथनाचे स्थूलमानाने दोन स्तर पडतात. पहिला स्तर उगमाचा: कुळाचा मूळ पुरुष, मूळ गाव, कुलदैवत, देवक आणि स्थलांतराचे कारण. दुसरा स्तर अलीकडच्या पिढ्यांचा: कोणाला किती मुलगे, कोणती शाखा कोठे गेली, कोणाचा वंश खुंटला. पहिल्या स्तराची पडताळणी श्रोत्यांना करता येत नाही. तेथे ते विश्वासाने ऐकतात. दुसऱ्या स्तरात मात्र घरातील वृद्ध साक्षीला असतात. आजोबांचे नाव चुकले तर ते तेथल्या तेथे दुरुस्त होते, आणि नव्या जन्मांची भर पडते. ऐकणारेही अशा रीतीने कथनाचे सहकर्ते ठरतात. पिढ्यांची गणना बिनचूक झाली म्हणजे उगमकथेवरील विश्वास आपोआप दृढ होतो.

या कथनावर व्यवहारातील अनेक प्रश्न अवलंबून असतात. सुतक कोणी कोणाचे पाळावयाचे, देवक एक असल्यामुळे सोयरीक कोठे वर्ज्य, यात्रेतील मान कोणत्या तक्षिमेकडे, हे ‘भावकी’ या एका शब्दाच्या मर्यादेवर ठरते. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ साली अस्तित्वात आला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. भावकीने ही सीमा कधी मानली नाही. रक्ताचे नाते विस्मृतीत गेल्यावरही ‘आपला हेळवी एक’ ही खूण दोन गावांतील घरांना एकत्र बांधू शकते. या अर्थी कुळ हे जितके रक्ताने, तितकेच कथनाने बांधलेले असते.

मात्र कथन लवचिक असते. नायजेरियातील तिव लोकांच्या वंशावळींविषयी लॉरा बोहॅनन यांचा निबंध १९५२ साली प्रसिद्ध झाला; जॅक गुडी व इयान वॉट यांनी १९६३ साली साक्षरतेच्या परिणामांची चर्चा करताना त्याचा आधार घेतला. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिव वंशावळी लिहून ठेवल्या होत्या. सुमारे चाळीस वर्षांनी तिव लोक त्या लेखांना चुकीचे म्हणू लागले, तर अधिकारी लेखच प्रमाण मानीत राहिले. मधल्या काळात गटांचे परस्परसंबंध बदलले होते आणि तोंडी वंशावळ त्यांबरोबर बदलली होती. कोणीही खोटे बोलत नव्हते. वंशावळीचे काम वर्तमान नात्यांची संगती लावणे हेच होते.

हा दाखला आज महाराष्ट्रात दूरचा राहिलेला नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शासकीय शोध सुरू झाला आणि नोंद सापडलेल्या पूर्वजाशी नाते दाखविणारी वंशावळ ही अनेक कुटुंबांची निकड बनली. अशा वेळी हेळव्याच्या वहीकडे दृष्टी वळणे स्वाभाविक आहे. परंतु जी वही वाड्याच्या ओसरीवर, वृद्धांच्या साक्षीने, दुरुस्त होण्यासाठीच उघडली जात असे, ती कचेरीत पुरावा म्हणून ठेवताच तिचे स्वरूप पालटते. तेथे दुरुस्ती म्हणजे खाडाखोड ठरते. वही संपूर्णपणे प्रमाण मानणे जसे चूक, तसेच एका उगमकथेत विसंगती आढळली म्हणून तिच्यातील अलीकडच्या पिढ्यांची माहिती त्याज्य ठरविणेही चूक होय. दोन स्तरांना दोन निराळ्या कसोट्या लावल्या पाहिजेत.

अभ्यासकांपुढील काम यावरून स्पष्ट होते. केवळ वह्यांची छायाचित्रे घेऊन हे साहित्य जतन होणार नाही. कथन प्रत्यक्ष प्रसंगी, श्रोत्यांच्या हरकती व दुरुस्त्यांसह ध्वनिमुद्रित व्हावयास हवे; एकाच कुळाची दोन गावांतील कथने शेजारी ठेवून तपासावयास हवीत; कन्नड व मराठी यांची सरमिसळ कोठे होते, हेही नोंदवावयास हवे. शिवाय ही परंपरा मूलतः पितृवंशाची आहे. माहेर, आई आणि बहीण यांची स्मृती स्त्रियांनी जात्यावरच्या ओव्यांत जपली. दोन्ही साधने एकत्र वाचल्याखेरीज कुळाची स्मृती पुरती हाती येणार नाही. वही उद्याही सापडेल. तिच्यातील नाव ऐकून ‘हे आमच्या आजोबांचे थोरले चुलते’ असे सांगणारा वृद्ध उद्या असेलच, असे नाही.